सुमनबाईंनी थांबवलेलं चार्जिंग

९ फेब्रु., सोम.
नव्या फोर्कलिफ्टला आज महिना झाला. लिथियम बॅटरीची गाडी. जुन्या बॅटरीसारखी पाणी टाकायची कटकट नाही, दु. जेवणाच्या सुट्टीत प्लग लावला की पुढच्या कामापुरती तयार. देऊळगाव राजाजवळच्या या बियाणं गोदामात सतरा वर्षं झाली, त्यातली दहा पाठीवर पोती वाहण्यात. म्हणून गाडी जरा जास्तच लाडकी.
पण आज मागं घेताना लोखंडी खांबाला बॅटरीची बाजू आदळली. पत्रा बोटभर दबला. कोणी पाहिलं नाही. सांगणार होतो, पण ट्रक उभा, घाई, अन्...
नाही सांगितलं.

१० फेब्रु., मंगळ.

दु. गाडी चार्जिंगला लावली. आधी केबल, प्लग, बॅटरी बघायची हा नियम. केबल पाहिली. दबलेल्या बाजूला मुद्दाम गेलोच नाही. जेवायला बसलो. भिंतीपलीकडं बियाणं निवडणाऱ्या बाया जेवत होत्या. त्यातल्या सुमनबाई उठून आल्या.
"भाऊ, तुमच्या गाडीपाशी नेलपॉलिशवानी वास येऊन राह्यला."
"कोणी लावलं असंन, बाई."
"इथं कोन लावते? माह्या पोरीचं पार्लर हाये, मले वास बरोबर समजते. पन इथं काऊन यावा?"
मी उठेना. त्याच गेल्या, चार्जरचं लाल बटन दाबलं. प्लग उपटला नाही. आधी बटन दाबा, प्लग ओढू नका, असं दाखवणारं भिंतीवरचं चित्र रोज पाहून ठेवलेलं, म्हणे. मग ओरडल्या, "उठा वं, भायेर चला समद्या!"
मी पोचलो तर बॅटरीतून बारीक सूंऽऽ आवाज. सगळे बाहेर. सुपरवायझर काळेसाहेबांनी मेन बंद केला, आग विझवणाऱ्यांना फोन लावला.
आग लागली नाही.
नाही लागली.

११ फेब्रु., बुध.
जालन्याहून मेकॅनिक आला. गाडी थंड झालेली, मोकळ्या जागेत ओढून नेली. दबल्या बाजूचा एक सेल फुगून फाटलेला, वास आतल्या रसायनाचा. म्हणाला, "चार्जिंग अजून चाललं असतं ना, तर मी आज इथं वेगळंच बघायला आलो असतो."
साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "भास्करनं टायमावर बंद केलं!" त्यांना कोण काय बोललं, माहीत नाही. सुमनबाई तिथंच उभ्या. बोलल्या नाहीत.
मीही नाही.

१२ फेब्रु., गुरु.
रात्रभर झोप नाही. स. बायकोला सगळं सांगितलं. रेखा म्हणाली, "त्या बाईनं तुमाले जित्तं घरी पाठवलं अन् तुमी तिचं नाव बी घेतलं नाही?"
एवढंच. पण बस झालं.

१३ फेब्रु., शुक्र.
साहेबांकडे गेलो. खांब, पत्रा, बटन कोणी दाबलं, सगळं बोललो. ते म्हणाले, "सोमवारीच सांगितलं असतं तं काय बिघडलं असतं बे?" लेखी मागितलं. दिलं. चावी काढून घेतली. नोकरी राहते का, वरचे ठरवतील.
दु. सुमनबाईंकडे. "बाई, तुमचे उपकार..."
"उपकार कायचे? माहा बी जीव तिथंच होता." मग हळूच, "खरं बोलले ना, झालं तं मंग."

१६ फेब्रु., सोम.
चार्जरजवळची पोती हटवली. बायांची जेवायची जागाही बदलली, आता बाहेर लिंबाखाली. साहेबांनी सगळ्यांना जमवलं अन् सुमनबाईंना पुढं बोलावलं. गाडी धडकली, वास आला, फुगवटा दिसला तर चार्जिंग नाही, आधी सांगायचं. त्या बोलत होत्या, आम्ही ऐकत होतो. टाळ्या पडल्या. माझ्याकडं कोणी वळून पाहिलं नाही, ही त्या सगळ्यांची मेहेरबानी.
माझ्या लेखी कबुलीला वरच्यांचं अजून उत्तर नाही. उद्या अकराला बोलावलंय. भीती वाटते, खोटं कशाला लिहू.
पण आज दु. पोतं घेऊन जाताना लिंबाखालून सगळ्या बायांचं हसणं ऐकू आलं. ओझं खांद्यावर तसंच ठेवून थोडा वेळ उभा राह्यलो.