गोळीच्या नावावर

६ फेब्रुवारी

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मागच्याच आठवड्यात पोचलं, पण चष्म्याच्या दुकानात सध्या शाळांची डोळेतपासणी चालू आहे. दिवसभर पोरांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि घरी आल्यावर मला स्वतःला काही वाचवत नाही. भाऊजींची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, कपाट सरकवायला माणसं मिळतात, नवी पाठ मिळत नाही.

आता पार्टीचं. टाचणीचं लग्न अठ्ठावीसला हे तुला ठाऊक आहेच. बेचाळिसाव्या वर्षी आपली शिंपीणबाई नवरी होणार, तरी अजून तोंडात टाचण्या धरूनच बोलते आणि नाव सार्थ करते. लग्नाआधी आम्ही मैत्रिणींनी एक दुपार तिच्यासाठी राखली. रविवारी तिच्याच दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, कापायच्या टेबलावरची कापडं उचलली आणि त्यावर केक ठेवला. टाचणी, औषधाच्या दुकानातली आपली गोळी, बालवाडीवाली आणि मी. चौघी एका जागी निवांत बसल्याला किती वर्षं झाली ते मोजलं आणि सोडून दिलं.

बोलणं असं मोकळं झालं की काय सांगू. गोळी म्हणाली, दोन वर्षं तिचं नवऱ्याशी बोलणं ‘नळ गळतोय’ आणि ‘दार लावलं का’ यापुढे गेलेलं नाही. बालवाडीवाली म्हणाली, नशीबवान आहेस, आमचा तर झोपेतही बोलतो आणि तिथेही माझ्याच चुका काढतो. मग टाचणीने मान खाली घालून विचारलं की या वयात पहिल्यांदा कुणासमोर कपडे काढायचे तर कसं करतात. अख्ख्या गावाची मापं घेतलेली बाई, पण स्वतःच्या पोटावरच्या ऑपरेशनच्या व्रणाची तिला लाज. आम्ही आधी खिदळलो, मग खरं खरं सांगितलं. गोळीने जे सांगितलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. नवरदेव लिफ्टची दुरुस्ती करतो. त्याने तीन वर्षांत चौदा पँटी आखूड करायला आणल्या, तेव्हा कुठे टाचणीच्या डोक्यात प्रकाश पडला.

पाच वाजता गोळीची दुकानातली पाळी सुरू व्हायची होती, ती उठून गेली. आणि मग माझी जीभ घसरली. सरबताचा पेला उंच धरून मी म्हणाले की चला, शेवटी आमच्या कटपीसलाही मापाचं गिऱ्हाईक मिळालं.

बालवाडीवाली केककडे बघायला लागली. टाचणीने कोपऱ्यातल्या कटपीसच्या टोपलीकडे पाहिलं. तागे संपताना उरलेले तुकडे ती तिथे टाकते आणि स्वस्तात काढून टाकते. ती हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं. मग शांतपणे विचारलं की हे नाव कोणी ठेवलं. मी म्हणाले, गोळीने. तुझ्या लग्नाच्या वेळी गोळीनेच नाही का ठेवलं होतं? तुलाही आठवत असेल.

काल टाचणीचा निरोप आला. नोंदणी कचेरीत तिच्या बाजूने साक्षीदाराची सही गोळी करणार होती, ती आता मी करायची. गोळीला तिने कारण सांगितलं नाही, नुसतं नको म्हणून कळवलं. मला आनंद व्हायला हवा आणि झालाही, पण का कोण जाणे, चार दिवस अन्न गोड लागत नाही. तू आलीस की बोलूच.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

यांची पाठ आता बरी आहे. कपाट मात्र खोलीच्या मधोमध तसंच उभं आहे आणि मी रोज त्याला धडकते. मोठीची परीक्षा जवळ आली, त्यामुळे घरात कोणी मोठ्याने शिंकायचं नाही असा हुकूम आहे.

आठवत असेल, असं तू लिहिलंस. आठवतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं. माझ्या लग्नाला आठ दिवस होते. मी स्टुलावर उभी होते आणि टाचणी खाली गुडघ्यांवर बसून माझ्या घागऱ्याच्या घेराला किनार टाचत होती. तिचं स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून तीन महिनेही झाले नव्हते, तरी माझं काम तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. दोरा संपला म्हणून ती उठली. जिन्यावर तिच्या चपला वाजत होत्या आणि इकडे तू म्हणालीस की बिचारी कटपीसच राहिली. तू, गोळी नव्हे.

तू तेव्हा एकवीस वर्षांची होतीस, हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. मी सत्तावीसची होते आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले, स्टूल हलेपर्यंत. माझं लग्न होत होतं, माझं मोडलं नव्हतं, त्याचं ते हसू होतं. आज लिहितानासुद्धा कान तापतात. हसली नाही ती एकटी गोळी. असं बोलू नका गं, तिला कळलं तर काय वाटेल, असं ती म्हणाली होती आणि आपण तिलाही चिडवलं होतं. नेमकी तीच तुला पुढे करायला सापडली?

तो शब्द आपल्या सगळ्यांचा होता, त्यातला माझा वाटा मी घेते. पण गोळीचं नाव घेतलंस ते तुझं एकटीचं काम. मी टाचणीला काही कळवणार नाही, ते तूच कळवायचं, आणि माझ्या हसण्याचंही त्यात लिही. ते न करता तू त्या कागदावर सही करणार असशील तर मला लग्नात धरू नकोस. खोकला झाला म्हणून सांगेन.

थंडी आहे, घसा जप. रागावले म्हणून आशीर्वादात काही कमी केलेलं नाही.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. लांब बसून शहाणपण शिकवायला काय जातं, असं वाटलं. लग्न तोंडावर आलंय, आता सांगून कोणाचं भलं होणार, तिच्या आनंदात मिठाचा खडा कशाला, असं सगळं चार पानं भरून तुला लिहिलं होतं. आठवत नाही असंही लिहिलं होतं. ती पानं फाडली. आठवत होतं, ताई. पेला हातात होता तेव्हाही आठवत होतं.

काल डोकं दुखतंय म्हणून गोळीच्या दुकानात गेले. खोटं कशाला लिहू, डोकं दुखत नव्हतं, ती कशी दिसते ते मला बघायचं होतं. तिने पट्टीतून चार गोळ्या कापून दिल्या, उपाशीपोटी घेऊ नकोस म्हणाली. मग काउंटरवर वाकून हळूच विचारलं, माझं काही चुकलं का गं? तुला ती सगळं सांगते, जरा विचारून बघशील? टाचणीच्या नव्या घरासाठी तिने पडदे घेऊन ठेवले आहेत आणि ते द्यायला जावं की जाऊ नये, हे तिला कळेनासं झालंय. मी म्हणाले, बघते विचारून.

ताई, मी असं म्हणाले, आणि ती मला थँक यू म्हणाली. पायऱ्या उतरताना तोंड कुठे लपवू असं झालं. घरी येऊन त्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या, पुन्हा उचलून डब्यात ठेवल्या. इतकी वर्षं मी स्वतःला निदान सरळ माणूस समजत होते.

टाचणीला आजच लिहिते. बालवाडीवाली मला टाळते आहे, तीही त्या दुपारी गप्प बसली होती ना. तू खोकल्याचं सोंग आणू नकोस, आणि शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण लिहीत राहा.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,
स. न. वि. वि.

चार गल्ल्यांवर राहणारीला पत्र कशाला, असं तुला वाटेल. मी दोनदा दुकानापर्यंत आले होते. एकदा तू कुणाच्या तरी बाहीचं माप घेत होतीस, दुसऱ्यांदा एकटीच होतीस. एकटी दिसलीस आणि मी मागच्या मागे वळले.

ते नाव गोळीने ठेवलं नाही, मी ठेवलं. ताईच्या लग्नाआधी, तू दोरा आणायला खाली गेली होतीस तेव्हा. ताई हसली, हे तिनेच लिहायला सांगितलं आहे. बालवाडीवालीही हसली. गोळीने आम्हाला अडवलं. पुढे एकोणीस वर्षं आम्ही तो शब्द आपसात वापरत राहिलो. तू स्वतःचं दुकान टाकलंस तेव्हा वापरला. तू आमच्या पोरांचे गणवेश शिवून दिलेस तेव्हाही वापरला. आपण तिला प्रेमाने चिडवतो, असं मी म्हणायचे. प्रेमाने असतं तर तुझ्या तोंडावर म्हणाले असते.

त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी घाबरले. गोळी तिथे नव्हती, म्हणून तिचं नाव घेतलं. दुसरं काहीच कारण नाही, तिने माझं कधी काही वाकडं केलेलं नाही. आणि तिची जागा तू मला दिलीस तेव्हा मी ती घेतली. शब्दापेक्षाही याची मला जास्त लाज वाटते.

सही गोळीचीच असू दे. उद्या मी तिच्याकडे जाऊन हे सगळं तिलाही सांगणार आहे. माझं बोलावणं ठेवायचं की काढायचं ते तू ठरव. मी विचारायला येणार नाही आणि कुणाला मध्येही घालणार नाही.

कळावे,
धाकटी


२२ फेब्रुवारी

धाकटीस,
स. न. वि. वि.

आठवडा झाला, उत्तर दिलं नाही. कामं होतीच, पण कारण ते नाही. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून मशीनवर बसले. एका बाईची बाही उलटी जोडली. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

तो शब्द मला नवा नव्हता. दोन-चारदा कानावर आला होता, मी आत शिरले की हसणं थांबायचं तेव्हा. कोण कोण म्हणत असेल याची मी मनात यादी करायचे. त्या यादीत सगळ्यांना घातलं, माझ्या सख्ख्या वहिनीलासुद्धा. तुला कधी घातलं नाही. म्हणून तर तुझ्याकडे येऊन सगळं ओकायचे.

त्या दुपारी तो तुझ्या तोंडून ऐकला आणि मी विचारलं की कोणी ठेवला. तुला कुणीतरी शिकवला असेल, असं मला हवं होतं. तू गोळीचं नाव घेतलंस आणि मी ते झटकन उचललं. तिला एका शब्दाने विचारलं नाही, आणि बाजूला केलं. तुला सोडण्यापेक्षा तिला सोडणं मला सोपं होतं. तेव्हा लाज तुला एकटीला वाटायला नको, त्यातली थोडी माझ्याकडेही आहे.

काल गोळीकडे गेले. तू तिला आधीच सगळं सांगून गेली होतीस. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती चांगलीच चिडली आणि मला बरं वाटलं. म्हणाली, तुम्हा दोघींना ओळीने उभं करून एकेक कानाखाली द्यायला हवी, पण सही करीन. नवरदेवांनाही सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की मापाचं गिऱ्हाईक म्हणजे मीच ना.

ताईंना सांग, त्यांचं हसू मला तेव्हाच खाली ऐकू आलं होतं. कशाला हसल्या ते आत्ता कळलं. त्यांनी जरूर यावं.

अठ्ठावीसला साडेदहाची वेळ आहे. मला राग आहे आणि तो तोवर जाणार नाही. मी बोलले नाही तर ओढूनताणून बोलायला येऊ नकोस, मागच्या खुर्चीवर बस. पण ये. तू नसलीस तर मी सारखी दाराकडे बघत राहीन, आणि त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघायचं आहे.

लोभ आहे. तो वाढावा, असं आज लिहवत नाही. आहे तेवढा राहू दे.

टाचणी