डेअरीतल्या कॅमेऱ्याचे कान

मुरगूड, ६ जानेवारी २०२५

ती. मल्लिकार्जुन अण्णास धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते म्हणून घाबरू नको. फोनबी कोण ऐकतंय का, भरवसा न्हाय. दूध संस्थेच्या निवडणुकीला मी बायकांचं पॅनेल उभं केलंय. चेअरमन आकारामनं लगेच डेअरीत कॅमेरे लावले, चोरीसाठी म्हणे. मेल्यांना कानबी हायत! तो घरात लोळत मोबाईलवर सगळं ऐकतो. दूध घालताना जी माझं नाव घेते, तिच्या म्हशीची फॅट दुसऱ्या दिवशी मशीनवर उतरते, अन् दुधाचा दरबी. बायका सुतक असल्यागत रांगेत उभ्या. तोंडच उघडेनात, तर मतं मागू कशी?

वहिनीस नमस्कार. कान पिळायला तू हायसच, तेवढी माया ठेव.

तुझी दानेश्वरी

गडहिंग्लज, १० जानेवारी २०२५

चि. सौ. दानूस अनेक आशीर्वाद.

वहिनी म्हणते, पोलिसांत जा. मी म्हणतो, कशाला? स्टँडवर शेंगा विकत मी दुकानापर्यंत आलो तो कानांच्या जिवावर. चोरून ऐकणाऱ्याची खोड मला ठाऊक आहे. तोंडावर सांगितलेलं त्याला खोटं वाटतं, चोरून ऐकलेलं ब्रह्मवाक्य! आकारामचा उजवा हात तो पृथ्वीराज ना? मग बायकांनी कॅमेऱ्याखाली कुजबुजायचं, की पृथ्वीराज आतून दानूचा. कुजबूज आपली कोल्हापुरी, चौकापर्यंत जाणारी. पुढचं काम आकारामच करील.

माया आहेच, तिला फॅटचं मशीन लावू नको.

तुझा अण्णा

मुरगूड, ३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास शि. सा. न.

जिंकलो की! आधी पृथ्वीराजची फॅट उतरली, मग त्याच्या भावकीची. शेवटी पठ्ठ्या आकारामनं संशयापायी स्वतःच्या सासूच्या म्हशीलाबी सोडलं न्हाय. ती सासू, विठाबाई, मतदानाला सगळ्यांच्या आधी हजर, शिक्का कुठं मारणार ते ओरडून सांगत!

आता चेअरमन मी. शब्द दिलावता तसे कॅमेरे काढले. वजनकाट्यावरचा एक तेवढा ठेवलाय, चोरीसाठी. काल सहज ऐकलं, तर माझ्यासाठी घरोघर फिरलेली रत्नव्वा म्हणत होती, खुर्ची मिळाली आणि दानू फुगली. हितनं पुढं तिचं दूध मी स्वतः तपासणार हाय.

आशीर्वादाचा हात असाच राहू दे.

तुझी दानू

गडहिंग्लज, ७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चेअरमनबाईंस आशीर्वाद.

वहिनीनं गल्लीभर पेढे वाटले. तो उरलेला कॅमेरा आज उतरव, आणि रत्नव्वाच्या दुधाच्या वाटेला जाऊ नको. नाही उतरवलास तरी हरकत नाही. कॅमेऱ्याखाली कुणाची नावं कुजबुजायची, ते मी रत्नव्वाला सविस्तर कळवलंय. पहिलं नाव तुझ्या नवऱ्याचं आहे.

माया तुझ्यावरच, कान मात्र दोघींकडं.

तुझा अण्णा