खुणांच्या वर्गातली क श्रेणी

पुणे

अहो,

नमस्कार. मी बरी आहे, खोलीत सकाळचं ऊन छान येतं. तुमचा गुडघा कसा आहे? सूनबाई तेलाची आठवण करून देते ना?

खुणांच्या भाषेच्या परीक्षेचा निकाल लागला. क श्रेणी मिळाली. हात बरोबर चालतात, पण चेहरा हलत नाही, असं बाई म्हणाल्या. हलणार कसा? मिशनच्या शाळेत मी तोंड वेडंवाकडं केलं म्हणून सिस्टरांनी मला कितीदा बाकावर उभं केलं होतं.

"पास झालीस ना, मंग ये की घरी," असं तुम्ही फोनवर म्हणालात. मलाही यायचंय. दुपारी सूनबाई कामावर असते तेव्हा तुम्ही एकटे गार भाकरी खाता, हे मला कळतं. मी बॅगही भरली होती.

पण काल व्हिडिओवर अर्पिताशी खुणांनी बोलले, तर तिनं आईला खुणेनं विचारलं, आजी रागावली का? ऐकू न येणाऱ्या आपल्या नातीला माझा चेहराच तर वाचायचा असतो.

म्हणून पुन्हा परीक्षेला बसतेय. दिवाळीपर्यंत येणं होणार नाही. मला माफ करा.

तुम्हाला खुणा येत नाहीत, पण हसता येतं. तोवर अर्पिताला रोज माझ्या वाटचं हसून दाखवा.

तुमचीच,
हेमलता