पोळ्याच्या दिवशी बंब

श्रावण शु. ११, शुक्रवार. अकोला.

नागपूरहून पत्र. सरकारने आगीच्या बंबांचा जाणकार एक गोरा साहेब नेमला आहे. तो वऱ्हाडात फिरणार. सबंध वऱ्हाडाला मिळून एकच मोटारबंब मिळायचा आहे, तो अकोल्याला द्यावा की अमरावतीला हे तोच ठरवणार. आमच्या अग्निरक्षक मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब (यापुढे नुसते व. सा., शाई वाचेल) पत्र वाचून खुर्चीतल्या खुर्चीत वीतभर उंच झाले. मला म्हणाले, "चिटणीस, कापसाचा हंगाम लागायच्या आत सुधारणांची योजना लिहा. जोरदार लिहा. फक्त आपल्याला काही करावं लागेल असं लिहू नका."

सध्याची व्यवस्था: हातपंपाचा बंब एक. चाकं चार, पैकी गोल तीन. ओढायला सुपाजी गाडीवानाची बैलजोडी. दांडा मारायला आठ माणसं, सापडली तर.

फाल्गुनात सारजाबाई माळणीचं घर पेटलं तेव्हा भरदुपारी हाच बंब गेला. पोचला तेव्हा चूल तेवढी उभी होती. दप्तरात कारण लिहिलं आहे, 'वारा उलट'. खरं कारण असं की बंबाच्या खोलीची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती, आणि कोट वलगावला, चुलतभावाच्या लग्नात, बुंदीच्या पंगतीत. इकडे कुलूप फोडेस्तोवर बाईचं घर गेलं. माणसं वाचली, हे नशीब. हे योजनेत लिहिता येत नाही, म्हणून इथे. मोटार अकोल्यालाच आली पाहिजे. पुन्हा असं व्हायला नको.

श्रा. शु. १३, रवि.

सामानाची मोजदाद. बादल्या अकरा, बुडासकट सात. शिडी कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाला गेली ती तिकडेच संसाराला लागली. आणि पाइप नाही! कॅनव्हासचा अख्खा पाइप!

सुपाजीला विचारलं. शांतपणे म्हणाला, "सारजाबाईच्या वाडीत हाय. वांग्यायले पानी देऊन राहिली थे." पंधरा दिवस उघाड पडली आहे, हेही त्यानेच ऐकवलं.

तावातावाने वाडीत गेलो. घराच्या जागी टिनाची खोली. बाई झेंडू तोडत होती. म्हटलं, "सारजाबाई, हा आगीचा पाइप आहे, शेतीचा नाही." तिने मान वर केली नाही. "माह्या घराच्या वक्ताले आला नाही भाऊ, वांग्यायले तरी येऊ द्या."

संध्याकाळपर्यंत राहू द्या, म्हणालो. निघताना तिने पिशवीभर वांगी दिली, मी घेतली. सौ.ने भरली केली. घास उतरत नव्हता. तरी चार खाल्ली.

श्रा. शु. १४, सोम. अमरावती.

दोन्ही गावांच्या मंडळांची संयुक्त बैठक. तिथले चिटणीस भाऊसाहेब गोड माणूस. इतका गोड की मुंग्यांची भीती वाटावी. मोटार कुठे ठेवावी यावर दीड तास. अकोलेकर म्हणाले अकोला, अमरावतीकर म्हणाले अमरावती. मग चहा आला. चहानंतर व. सा. उठले आणि तोडगा काढला: मधोमध मूर्तिजापूरला ठेवावी. म्हणजे आग कुठेही लागो, दोन्ही गावांना उशीर सारखाच.

टाळ्या. मी कलम उतरवून घेतलं. हात दुखला नाही, डोकं दुखलं. गाडीत व. सा. मला म्हणाले, "हे आपलं वरवरचं. साहेबापुढे अकोलाच म्हणायचं." भाऊसाहेबांनीही आपल्या लोकांना तेच सांगितलं असणार.

श्रा. व. २, गुरु.

योजनेचं पहिलं कलम मी असं लिहिलं: बंबाच्या खोलीला कुलूप नसावं.

व. सा. दचकले. "उघडी खोली? चाकं नेतील लोक."

"मग किल्ली दाराशेजारी खिळ्याला टांगू."

"हे चालेल."

"मग कुलूप कशाला?"

"कुलूप दिसलं पाहिजे हो! कुलपाने संस्थेला वजन येतं."

कलम मंजूर: कुलूप असावं, किल्ली शेजारी असावी, किल्लीवर लक्ष ठेवायला इसम असावा. इसम कोण, त्याचा विचार पुढच्या सभेत. मी घरी येऊन सौ.वर उगाच ओरडलो. ती म्हणाली, "मंडळाचा राग मंडळात ठेवून येत जा."

श्रा. व. ४, शनि.

साहेबाचं पत्र. येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी दुपारी चारला येतो. शिटी वाजवीन. जठारपेठेतल्या खोलीतून बंब कापूसबाजाराच्या मैदानावर किती मिनिटांत पोचतो ते घड्याळ लावून बघीन. तिथे कडब्याचा ढीग पेटवून ठेवा, तो विझवून दाखवा. दुसऱ्या दिवशी अमरावती.

'आनंदाने' असं उत्तर मीच लिहिलं, व. सा.नी सही ठोकली, टपालात गेलं. अक्षर चांगलं आलं होतं.

श्रा. व. ७, मंगळ.

घात. सुपाजीला तारीख सांगितली. त्याने बोटं मोजली आणि हसला.

"त्या दिवशी पोळा हाय, भाऊ."

अमावास्या! मी, वलगावच्या कुणब्याचा पोरगा, बारा वर्षं बैलांच्या शिंगांना बेगड लावलेला, पोळा विसरलो! कचेरीत बसून माणसाचं काय होतं पाहा.

म्हटलं, "सुपाजी, दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिन्टं असो का एक मिन्ट असो. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नाही पडत."

"साहेब येतो आहे रे."

"साहेब येवो का लाटसाहेब येवो. बैलायले त्याची वयख नाही."

सौ.ला सांगितलं. तिला हसू आवरेना. "तुमी वलगावचेच ना? का मले खोटं सांगतलं होतं?"

व. सा.ना म्हटलं, साहेबाला तार करा, दिवस बदलून मागा. ते म्हणाले, छे! आपण तारीख बदलली की साहेब समजेल तयारी नाही. आणि अमरावतीचा मान दुसऱ्या दिवशी, म्हणजे बैल तिथे मोकळे. भाऊसाहेब बैठकीत पंचांग चाळत होते ते आत्ता आठवतं आहे; साहेबाला दिवस त्यांनीच सुचवला असणार.

श्रा. व. १०, शुक्र.

घोडा जोडून पाहिला. टांग्याचा घोडा, शहाणा, मालकाच्या भाषेत 'एकदम सरीफ'. बंब घेऊन निघाला तो थेट स्टेशनवर गेला आणि पॅसेंजरची वाट पाहत उभा राहिला. मालकाने खूप समजावलं. गाडी येऊन गेल्याशिवाय हलला नाही. परत येताना दोन उतारू बंबावर बसून आले, त्यांना कुणी उतरवलंही नाही.

श्रा. व. १२, रवि.

हेले, म्हणजे रेडे, जोडले. ताकद भरपूर. वाटेत डबकं लागलं, त्यात बसले. बंबासह. बाहेर काढायला सुपाजीचे बैलच आणावे लागले.

व. सा. म्हणतात, योजना तर छान झाली आहे, प्रात्यक्षिकाचं एवढं काय. मला जेवण जात नाही. मोटार अमरावतीला गेली तर इथे पुन्हा तेच कुलूप, तेच बैल, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणाची तरी चूल.

श्रा. व. १४, मंगळ.

शेवटचं म्हणून सुपाजीच्या घरी गेलो. बैलांचे खांदे मळणं चाललं होतं. लोणी, हळद. मला बघून त्याने लोण्याची वाटी पुढे केली. "घ्या, लाल्याचा खांदा तुमी करा."

बसलो. जुवाखालची कातडी घट्ट झालेली, बोटांना लागत होती. लाल्याने डोळे मिटले. वर्षातून एक दिवस याला सुट्टी, आणि तीच मी मागायला आलो होतो. मागवेना. उठलो.

सुपाजी मागून म्हणाला, "काहून आले होते ते मले समजलं. बैल नाही जुतत. पन मानसायचा पोळा कुठं हाय?"

"म्हणजे?"

"उद्या गडीमानसं सारेच रिकामे. बैलायले सुट्टी त गड्यायले काय काम? आमीच ओढतो तुमचा बंब."

मी त्याचे हात धरले. दोघांच्याही हाताला लोणी, निसटले.

श्रा. व. ३०, बुध. पोळा.

लिहायला हात उरलेला नाही, खांदाही नाही. तरी लिहितो.

चार वाजता साहेब हजर. शिटी. सोळा गडी आणि धुरीला, गाडीवानाच्या जागी, सुपाजी. सारजाबाई फुलांची टोपली डोक्यावर घेऊन पुढे धावत होती, "सरका वो, बंब येऊन राहिला! सरकता का नाही!" रस्ता असा फाटला की पोलिसाला जमलं नसतं. एक गडी ठेचाळला, त्याच्या जागी मी. व. सा. कडेने टाळ्या वाजवत होते, साहेबाने बोटाने खूण केली, तुम्हीही. झालं, व. सा. माझ्या जोडीला! सुपाजी सवयीने मला 'लाल्या' आणि त्यांना जोडीतला दुसरा 'बांड्या' म्हणून हाकत होता. व. सा.नी दोनदा ओ दिली.

मैदानात पोचलो. साहेबाने घड्याळ पाहिलं, भुवया वर. बैलांनी आम्हाला जन्मात इतक्या लवकर नेलं नव्हतं.

पण आग नाही. ढीगही नाही. पोळा याच मैदानात भरतो; तोरणाखाली सारे बैल रंगून, झुली घालून उभे, आणि त्यांच्यापुढे आमचा कडबा, संपत आलेला. पेटवायला नेमलेला पहारेकरी कोपऱ्यात काडेपेटी घेऊन उभा. सुपाजीने विचारलं, "हाकललं काहून नाही?" तर म्हणाला, "आज पोळा हाय. आज त्यायले काठी दाखवता येते का?"

साहेबाने विचारलं, आग कुठे आहे? व. सा.नी इंग्रजी शोधलं, सापडलं नाही. शेवटी मीच माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत सांगितलं, साहेब, आग बैलांनी खाल्ली. साहेब बराच वेळ लाल्याकडे पाहत राहिला. लाल्या रवंथ करत साहेबाकडे. मग पाइप लावून पाणी मारून दाखवलं, देवळाच्या कळसापर्यंत गेलं. गावाने आरोळी ठोकली. साहेबाने वहीत पुष्कळ लिहिलं.

आनंद झाला. खरंच झाला.

भाद्रपद शु. १, गुरु.

आनंद पुसला. व. सा. साहेबाला स्टेशनवर पोचवून आले ते पेढे वाटतच. "साहेब काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, अकोल्याची माणसं बैलांपेक्षा चपळ! अशा गावाला मोटारीची गरजच नाही!"

"आणि मोटार?"

"अमरावतीला द्यावी असं त्याचं मत होतंय. पण चिटणीस, काय शब्दांत स्तुती केली!"

पेढा हातात तसाच. साहेब एक तक्ता ठेवून गेला आहे: गेल्या वर्षातल्या आगी, बंबाला लागलेला वेळ, उशिराचं कारण. तो अमरावतीत मुक्कामाला आहे तोवर भरून पाठवायचा. तो वाचून मगच शेवटचा निकाल. व. सा. म्हणाले, "दप्तरातून उतरवा. वारा उलट."

भा. शु. २, शुक्र.

सकाळपासून तक्ता पुढे. 'वारा उलट' दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मग लिहिलं: 'किल्ली चिटणिसाच्या खिशात, चिटणीस परगावी. पोळ्याच्या दिवशी दिसली ती चपळाई रोजची नव्हे. रोज इतकी माणसं रिकामी नसतात.' खाली माझी सही, पूर्ण नावाची. हे वाचून साहेब म्हणेल, यांना मोटारच हवी. किंवा म्हणेल, यांच्या हाती मोटार नको. आणि माझी नोकरी तर दोन्हीकडून धोक्यात. काय म्हणेल ते म्हणो.

टपालात टाकण्याआधी वाडीत गेलो. आधी तिला सांगणं भाग होतं. उभ्याउभ्याच सांगितलं: किल्ली, कोट, वलगाव, बुंदी.

सारजाबाई हार ओवत होती. म्हणाली, "मले माईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. साऱ्या जठारपेठले माईत हाय. तुमीच एकटे लपवून राहिले होते."

"मग बोलली का नाही बाई? सहा महिने!"

"तुमी सांगान मनून वाट पाहून राहिली होती." हाराची गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "आता लिवलं ना? मंग टाका पेटीत. आन् मोटार आली त मले एक डाव बसवा तिच्यात."

तिथेच मातीत बसलो आणि रडलो. तिने रडू दिलं. मग वांगी दिली.

टपालपेटीत टाकलं. पाकीट पडल्याचा आवाज आला.

भा. शु. ३, शनि. हरतालिका.

अमरावतीहून काही नाही. व. सा.ना मात्र तक्त्याचं कुणीतरी सांगितलेलं दिसतं. निरोप आला आहे: दुपारी चारला घरी भेटा, येताना मंडळाचे सगळे कागद घेऊन या.

सौ.चा आज कडक उपास. तरी विचारते, "जेवून जाता का येऊन जेवता?"

जेवूनच जातो.