पत्र वैरागला पोचेपर्यंत

सोलापूर,
ता. १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

ती. रत्नाअक्का,

लीलाचा शरणार्थ. दाजींनाही सांग. हितं सगळी बरी हायेत. तू दिलेली शेंगाचटणी पोरांनीच फस्त केली, ह्यांच्या ताटाला लागू दिली न्हाय. नव्या पेठेत लग्नसराईची गर्दी हाय. दुकानात दिवसभर साड्या उलगडा आणि घड्या घाला, दुसरं काय!

हल्ली कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला की मळमळतं. कळलं ना तुला? त्रास व्हायचा म्हणून तांबी काढली, दुसरं काही करू करू म्हणत राहिलं, आणि गेले की दिवस!

डोक्याचा नुसता भुगा झालाय बघ. शेजारच्या चंद्रव्वा म्हणतात कच्ची पपई खा. पिशवी धुतली की पुढं ती काढावीच लागते, असंही त्याच सांगतात. दुकानातली पायल म्हणाली मेडिकलमधून गोळ्या आण. शेवटी एकटीच दवाखान्यात गेले, तर दारातच बोर्ड, गर्भलिंग निदान हा गुन्हा हाय म्हणून. मला वाटलं, पाडणंच गुन्हा. पोलीस धरतील म्हणून त्याच पावली रिक्षा करून घरी! बारावी शिकलेली बाई मी.

दुसऱ्या दिवशी पायलनं हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तो बोर्ड मुलगा की मुलगी बघण्याबद्दल आहे. नको असलेले दिवस थांबवणं कायद्यात बसतं. सही तुमची पुरे, नवऱ्याची लागत नाही.” सोनोग्राफी केली. दिवस कमी हायेत, म्हणून गोळ्या चालतील म्हणाल्या. एक त्यांच्यासमोर घ्यायची, बाकीच्या एक-दोन दिवसांनी. कळा येतात, पाळीपेक्षा जास्त जातं, नंतर परत दाखवायला जायचं. न्हायतर मशीननं ओढून पिशवी रिकामी करतात, तेही थोड्या वेळाचं काम. पिशवी काढायचा त्यात संबंधच न्हाय. पण मेडिकलमधून परस्पर आणून खायच्या न्हायत. गर्भ नळीत असला तर जिवावर बेततं, म्हणून आधी तपासावं लागतं. मी तेच तेच परत विचारत होते आणि त्या बिचाऱ्या सांगत होत्या.

एवढं समजलं, तरी घरी येऊन गोंधळ तसाच. सकाळी वाटतं गोळ्या बऱ्या, दुपारी वाटतं मशीन बरं, आणि पोरं शाळेतून आली की वाटतं, ठेवावंच.

ठेवावंच का वाटतं, ते तुझ्यापासून काय लपवू? धाकटीच्या बारशाला तू म्हणाली होतीस, “पुढचं माझ्या ओटीत घाल गं.” मी हसून म्हटलं, “घेऊन जा की.” तू हसली न्हाईस. तवापासून प्रत्येक सणाला तू माझ्या पोटाकडं बघतेस, अक्का. मला दिसतं ते.

आमचे मल्लिनाथ म्हणतात, “नऊ महिन्यांचा तर प्रश्न हाय, अक्काचं घर भरेल.” मी असली भडकले! “मग तुम्हीच वाढवा पोटात,” म्हटलं. रुसून उपाशी झोपले ते. नंतर वाटलं, माणूस चुकीचं काय बोलला? मग वाटलं, आणि माझं काय? धाकटीच्या वेळी पाळण्याकडं बघूनसुद्धा मला रडू यायचं, तूच येऊन पोर सांभाळलीस. परत त्यातनं जायची मला लई भीती वाटते. आणि एवढं करून माझं पोर मला मावशी म्हणणार, ते ऐकायचं? न्हाय जमायचं. माझ्याकडंच ठेवून घ्यायचंही बळ न्हाय. मी वाईट हाय का गं? खरंच कळत न्हाय मला.

फोन का केला न्हाय म्हणशील. नंबर लावला आणि कट केला. तू “लीले” म्हणून मागितलं असतंस, तर मी व्हय म्हणून बसले असते. म्हणून पत्र. उद्या सकाळी पहिली गोळी घेणार हाय. हे वैरागला तुझ्या हातात पडेल तवा सगळं होऊन गेलेलं असेल. तुला न विचारता केलं, ते मुद्दाम केलं.

राग येईलच. आला तर तोंडावर येऊन बोल, दोन थोबाडीत मार. पण ये.

तू अजून म्हणू देशील तर, तुझी धाकटी बहीण
लीला