तबकातली सुपारी

रविवार, १४ डिसेंबर. संध्याकाळ.

आज मुलीचा साखरपुडा. सकाळीच, परदेशी सुपारी बंद करा म्हणून सरकारला लिहिलेल्या अर्जावर सही केली. आणि पाहुण्यांच्या तबकात? तीच, स्वस्तातली. वाडीतली चांगली सुपारी व्यापाऱ्यासाठी राखून ठेवली. कोणाला कळतंय, असं वाटलं.

आईने अडकित्त्याने एक कातरली. आपल्या सुपारीचा पांढरा गर आत नव्हताच, नुसता लाल, लाकडासारखा काप. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. तेवढ्यात व्याह्यांनी तोंडातली थुंकली. मी आईच्या हातातला काप घेऊन खिशात टाकला.

"यंदा आमच्याच वाडीची सुपारी खराब निघाली हो," आई त्यांना म्हणाली.

तो लाल काप अजून माझ्या खिशात आहे. जी झाडं तिने कळशीने पाणी घालून वाढवली, त्यांनाच आज माझ्यापायी नावं ठेवली.