नव्या घरात दुधाचा थेंब येणार नाही

९ नोव्हेंबर, रविवार
साडूकडे जेवून आलो. साडू म्हणजे विश्वजीत, मोनिकाच्या थोरल्या बहिणीचा, श्रेयाचा नवरा. सिडकोत राहतो. त्याचं किचन व्हीगन आहे. काचेच्या चोवीस बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर मोत्यासारखं अक्षर. सासूबाई फुलंब्रीहून आल्या होत्या. (मी त्यांना मामी म्हणतो.) काळा चहा पीत म्हणाल्या, विश्वजीतरावांचं बघा, चार वर्षं झाली, दुधाला शिवले नाय. आमच्या म्हशीचा खरवससुद्धा वापस पाठवला.

नऊ वर्षांत माझ्याबद्दल एकदाही 'बघा' म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन्ही वेळा मी रजा काढली होती.

मला हेवा अजिबात वाटला नाही. एका बरणीचं झाकण सैल होतं, तेवढं फक्त मोनिकाला सांगितलं. दोनदा.

संकल्प: तीस तारखेला देवळाईच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. त्या किचनमध्ये दुधाचा थेंब नाही, प्लास्टिकचा तुकडा नाही. मामी सगळ्यांसमोर म्हणतील, राजकुमाररावांचं बघा.

१० नोव्हेंबर
सकाळी काळा चहा. निर्धार ठाम.
दुपारी ऑफिसखालच्या टपरीवर दुधाचा चहा. संकल्प नव्या घरापुरता आहे. टपरी हे घर नव्हे.

११ नोव्हेंबर
टपरी. दोन कप.

१५ नोव्हेंबर, शनिवार
शहागंजातून तीस बरण्या आणल्या. त्याच्या चोवीस. मोनिका म्हणाली, एवढ्यांत भरायचं काय? घरातलं सगळं सामान भरून एकोणीस झाल्या. उरलेल्या अकरांत मीठ.

छावणीतून मातीची भांडी घेतली. दुकानदार म्हणाला, भैया, पैले रातभर पानी में रखो, नै तो तडकेगा. विश्वजीतला हे कुणी शिकवलं असेल? मलाही गरज नाही.

१८ नोव्हेंबर
शेंगदाण्याचं दही. व्हिडिओत म्हटलंय, विरजणाऐवजी हिरव्या मिरच्यांची देठं टाका. दही घट्ट लागावं म्हणून मी मिरच्याही टाकल्या. दही लागलं नाही. मोनिकाने त्यात लसूण घालून ठेचा केला आणि भाकरीबरोबर संपवला. ठेचाही शेवटी व्हीगनच.

२२ नोव्हेंबर
ओल्या कचऱ्याचं खत करायला माठ ठेवला होता. अळ्या झाल्या. काहीही झालं तरी विश्वजीतला फोन करायचा नाही असं ठरलं होतं. मोनिकाने केला. दाजी म्हणतात सुका पाला टाका, म्हणाली. संध्याकाळी तो स्वतः पाल्याचं पोतं घेऊन हजर. हसतमुख. वर तीन मजले चढून. लिफ्ट बंद होती.

त्याचा हा चांगुलपणा मला सहन होत नाही. पाला उत्तम होता.

२७ नोव्हेंबर
मामींचा फोन. नव्या घरात पहिलं दूध उतू घालायचं असतंय, म्हशीचं मी घेऊन येते. मी ठणकावून सांगितलं, शेंगदाण्याचं उतू घालणार. मामी म्हणाल्या, ते वर येतंय व्हय? येतं म्हणालो.

मग करून पाहिलं. काठाच्या तीन बोटं खाली थांबलं. त्या दिवशी येईल. घर नवं, गॅस नवा.

विश्वजीतच्या वास्तुशांतीत साधं म्हशीचं दूध उतू गेलं होतं. इथे मात्र तो कच्चा निघाला.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ
पाहुणे तरी किती. सगळे किचनच्या दारात, पुढे मामी. मातीचं भांडं गॅसवर. दहा मिनिटं काही नाही. गॅस मोठा केला. दूध फाटलं. मग खाली लागलं. वास सुटला. गुरुजी म्हणाले, यजमान, काहीतरी उतू घाला हो, मला पुढं सत्यनारायण आहे. आणखी मोठा केला. भांडं तडकलं. दूध शेवटी बाहेर आलं, पण बुडातून.

गुरुजी म्हणाले, हे धरता येणार नाही.

विश्वजीत कधी खाली उतरला कळलंच नाही. धापा टाकत आला, हातात अर्ध्या लिटरची पिशवी. प्लास्टिकची. स्टीलच्या पातेल्यात दोन मिनिटांत दूध भसकन वर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, ज्याला दूध वर्ज्य, त्यानंच आणलं, बघा.

तर तो लाजून म्हणाला, मामी, वर्ज्य कसलं? मला सोसत नाही. जुलाब होतात. डॉक्टरांनी बंद केलंय, नाहीतर तुमचा खरवस मी परत पाठवला असता का? श्रेयाने मान डोलावली. म्हणाली, बरण्यांचे रील करायला लागल्यावर लोकच व्हीगन म्हणायला लागले, आम्ही म्हटलं म्हणू द्या.

म्हणजे तीन आठवडे मी ज्याच्यावर जळलो, ते या माणसाचे जुलाब होते.

वाटलं, आता मामी त्याला डोक्यावरून खाली उतरवतील. मामींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लई सोसलंत वो, म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, उरलेल्या दुधाचा चहा टाका.

टाकला. मीही घेतला. चांगला झाला होता.

४ डिसेंबर
नवा संकल्प. मलाही काहीतरी सोसत नसणार. गव्हाबद्दल दाट संशय. परवा चार पोळ्यांनंतर जड वाटलं होतं. तपासणीची वेळ घेतली.

९ डिसेंबर
रिपोर्ट आले. गहू चालतो. दूध चालतं. शेंगदाणे, तीळ, वांगी, सगळं चालतं. डॉक्टर म्हणाले, असं पोट नशिबानं मिळतं. मी म्हणालो, पुन्हा एकदा नीट बघा. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मोनिकाने फुलंब्रीला फोन करून सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मामी म्हणाल्या, राजकुमाररावांचं बघा, त्यांना काहीबी चालतंय.